हा डाग कसला, शालूताई?

याला आजार म्हणायचं की नाही, इथूनच माझी चिडचिड सुरू होते. ताप नाही, खोकला नाही, धड दुखतही नाही. फक्त कातडी पातळ झाली आहे. कुणी हात जरा दाबून धरला की तिथे जांभळा डाग उठतो. दाराची कडी घासली की साल निघावी तशी कातडी निघते. कुणाला सांगायला जावं, तर समोरचा म्हणतो, "वय झालं, चालायचंच." तुझ्या हाताची कातडी निघू दे बाबा, मग सांग मला चालायचंच!

मी शालिनी. वय एकाहत्तर. बोईसरजवळ पाम गावात राहते आणि चाळीस वर्षं घरी बायकांचे ब्लाऊज शिवते. सगळ्या मला शालूताई म्हणतात. घरात मुलगा संतोष, सून सुप्रिया आणि मी. संतोष एमआयडीसीत पाळीवर जातो, त्यामुळे बहुतेक वेळ घरात आम्ही सासू-सून दोघीच असतो. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

लिहायला बसले त्याचं कारण एवढंच. पालघरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात मला माझ्यासारखेच हात असलेल्या तिघी भेटल्या. तिघींनी पदराखाली हात लपवले होते, पण पदर सरकला की डाग दिसायचे. मीही लपवले होते. तासभर आम्ही एकमेकींशेजारी बसलो आणि एकीनेही तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मला स्वतःचाच राग आला. एरवी माझ्या तोंडाला कुलूप कसं ते माहीत नाही, आणि जिथे बोलायचं तिथे मी मुकी!

पहिला डाग

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरची गोष्ट. जांभळ्या कापडाचा ब्लाऊज शिवायला घेतला होता. संध्याकाळी पाहते तर डाव्या हातावर, मनगटाच्या वर, तळहाताएवढा जांभळा डाग. मी म्हटलं, कापड कच्च्या रंगाचं निघालं. गिऱ्हाइकाला सांगायला हवं, की बाई, हे पहिल्या धुण्यालाच उतरणार.

मोरीत जाऊन साबण लावला. डाग निघेना. मग भांड्यांचा काथ्या घेतला आणि चांगला रगडला. शिंप्याच्या हाताला रंग लागला की आम्ही असाच काढतो. तिसऱ्या घासण्याला कातडीच सुटली आणि वळकटी होऊन बाजूला झाली. रक्त आलं तेव्हा कळलं की रंग कापडाचा नव्हता.

सुप्रिया धावत आली. "आई, काय केलंत तुमी? हाताला काथ्या लावतात का कोण?"

"रंग काढत होते गं."

"रंग कसला? हे आतलं रक्त हाय!"

दवाखान्यात पट्टी केली आणि वर चिकटपट्टी लावली. तीन दिवसांनी ती चिकटपट्टी ओढून काढली, तर तिच्याबरोबर आणखी दोन बोटं कातडी गेली. म्हणजे जखमेपेक्षा मलमपट्टीनेच जास्त नुकसान. वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: असल्या कातडीवर चिकटणारं काही लावू द्यायचं नाही. न चिकटणारी जाळी मिळते ती ठेवायची आणि वरून मऊ कापड गुंडाळायचं. मला हे कुणी आधी सांगितलं नाही. तीन वेळा सोलून निघाल्यावर कळलं.

ज्याचं त्याचं निदान

मग डाग येतच राहिले. एक पिवळा पडून मावळतो तोवर दुसरा उमटतो. मशीनच्या लाकडी कोपऱ्याला हात लागला, डाग. रिक्षातला दांडा धरला, डाग. पिशवी कोपरात अडकवली, डाग.

आणि जो तो निदान करायला तयार. एक म्हणाला, "तारापूरच्या इतक्या जवळ राहता, अणुशक्तीचं असणार." दुसरीने डोळे मोठे करून रक्ताच्या कॅन्सरचं नाव घेतलं. शेजारच्या यमुनावहिनींनी तर सांगितलं, "शालूताई, झोपेत चिमटतं ते. बाहेरचं हाय. उतरवून घ्या." मी म्हटलं, "वहिनी, मला चिमटायला बाहेरचं कशाला पाहिजे? मशीनचा कोपरा पुरे हाय."

वरून हसत होते, पण कॅन्सर हा शब्द डोक्यातून जाईना. बोईसरला रक्त तपासायला गेले. तिथला रक्त घेणारा माणूस हिंदी बोलणारा. हात उलटापालटा करून बघत म्हणाला, "माताजी, किसीने ज़ोर से पकड़ा था क्या?" सुप्रिया शेजारीच उभी होती. तिचा चेहरा उतरला. मी तिकडे लक्षच दिलं नाही, कारण माझं चित्त सुईकडे. तेव्हा लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं.

रिपोर्टला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत मी आठ ब्लाऊज संपवले. उरलेल्या कापडांवर चिठ्ठ्या टाचल्या, कुठलं कुणाचं ते. सुप्रियाने पाहिलं आणि चहा ठेवला. मी घाबरले होते. साधं, सरळ घाबरले होते.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले, भिंग लावून दोन्ही हात पाहिले.

"रक्त स्वच्छ आहे, आजी. कॅन्सर नाही, दुसरंही वाईट काही नाही. वयाने आणि इतक्या वर्षांच्या उन्हाने कातडी पातळ झाली आहे. आतल्या बारीक नसांना आधार राहिला नाही, म्हणून जरा दाबलं तरी फुटतात. त्यात तुमची रक्त पातळ करायची गोळी."

ती गोळी तीन वर्षांपूर्वी हृदयात स्प्रिंग बसवली तेव्हापासून चालू आहे. मी सुटकेचा श्वास टाकला आणि विचारलं, "मग बरं कधी होणार?"

"बरं व्हायचं नाही. सांभाळायचं."

सुटकेचा आनंद तिथल्या तिथे संपला. इतका वेळ ज्याला घाबरत होते ते नव्हतं, आणि जे होतं ते जाणार नव्हतं. कुणाशी भांडायचं तेही कळेना. येताना रिक्षात मी सुप्रियावरच खेकसले, की नीट बस, धक्का लागतो. ती दांड्याला चिकटून बसली.

माझी जीभ

आता माझ्या चुकीकडे येते. उशिरा आले, कारण यायचं नव्हतं.

ब्लाऊजचं माप घेताना दंडाचा घेर घ्यावा लागतो. चाळीस वर्षं मी बायकांचे दंड पाहिलेत. कुणाच्या दंडावर देवीची लस, कुणाच्या गोंदण, आणि कधीकधी कुणाच्या दंडावर चार बोटांचे डाग. ते मला बरोबर ओळखता येतात अशी माझी समजूत होती. एकदा एका नव्या सुनेच्या दंडावर पाहिले आणि चार बायकांत बोलून बसले, की नवरा हात उचलतो वाटतं. ती पोर पुन्हा माझ्याकडे ब्लाऊज टाकायला आली नाही. तिला खरंच कुणी मारत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी तिला विचारलंच नव्हतं.

तर अशी मी. आणि आता मापाची पट्टी धरलेला हात माझाच डागांनी भरलेला. येणारी प्रत्येक बाई आधी माझा हात बघणार, मग तिचं कापड दाखवणार. "हा डाग कसला, शालूताई?" दिवसातून पाच-सहा वेळा तेच. सुरुवातीला सगळ्यांना गोळीपासून सांगायचे. मग कंटाळा आला. मग तिडीक जायला लागली.

एका दुपारी यमुनावहिनी आल्या. बरोबर दोघी होत्या. आत येतायेताच त्यांनी विचारलं, "परत नवीन डाग? हा कसला?"

मी मशीन थांबवलं. "सुनेने मारलं," म्हटलं. "रोज सकाळी मारते, चहाच्या आधी. नंतर वेळ होत नाय तिला."

तिघी हसल्या. मीही हसले. सुप्रिया स्वयंपाकघरात होती, तीही तिथून म्हणाली, "आज तर दोनदा मारलं, वहिनी!" इतकी साधी गंमत होती.

पण गंमत गावाबाहेर पडली तेव्हा तिच्यातलं हसू गावातच राहिलं. महिनाभराने सुप्रियाच्या आईचा फोन आला. तिचं माहेर पालघरजवळच्या माहीमला. केळी-सुपारीची वाडी, तीन पिढ्यांचं घर. विहीणबाई रडत होत्या. बाजारात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तुमची सुप्रिया सासूला मारते, म्हातारीचे हात काळेनिळे केलेत, सासू स्वतः बोलली.

सासू स्वतः बोलली. हे मात्र खोटं नव्हतं.

मी फोन घेऊन विहीणबाईंना सगळं सांगितलं. "हो ताई, हो," म्हणत त्यांनी ऐकून घेतलं. पण एकदा मनात शिरलेलं फोनवरून कसं निघणार? आणि आणखी वाईट म्हणजे, मी लाजेने दोन लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवले आणि भर उन्हाळ्यात ते घालून फिरायला लागले. लोकांना वाटलं, झाकतेय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

कुणी हात लावेना

सुप्रिया मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. तिने फक्त मला हात लावणं बंद केलं.

आधी मोरीतून बाहेर येताना ती दंड धरायची. आता दारात उभी राहून नुसतं, "आई, ओलं हाय, सांभाळून." पायरी उतरताना पुढे व्हायची आणि लांबूनच बघायची. पाठीला तेल लावायची, तेही थांबलं. पट्टी बदलायची असली की सांगायची, "हे आले की करतील." संतोषचा हात पडला मशीनवर काम करणारा. त्याने पट्टी सोडवली की मला देव आठवायचे.

एकदा मीच चिडून म्हटलं, "एवढी काय घाबरतेस? खाणार हाय का मी तुला?"

ती म्हणाली, "आई, मी धरलं की डाग पडतो. डाग पडला की माझी आई रडते. मी काय करू, सांगा तुमीच."

या दुखण्यात सगळ्यात वाईट काय, असं कुणी विचारलं तर मी जखमा सांगणार नाही. माणसं हात लावायला घाबरतात, हे सांगेन. सहा महिने मला कुणी धड धरलं नव्हतं.

गोळी

मग मी अतिशहाणपणा केला. विचार केला, डाग गोळीने येतात. गोळी थांबवली की डाग थांबतील, डाग थांबले की सुनेचं नाव साफ होईल. हिशोब सोपा होता. रोज सकाळी सुप्रिया गोळी हातावर ठेवायची. मी तोंडात टाकल्यासारखं करायचे आणि तिची पाठ फिरली की मशीनच्या खणात, बटणांच्या डब्यात टाकायचे.

नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाला बटण हवं होतं म्हणून सुप्रियाने तो डबा उघडला.

तिने आधी त्या बाईला बटण देऊन वाटेला लावलं. मग डबा माझ्यापुढे आपटला. लग्नाला आठ वर्षं झाली, मी तिचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.

"हे काय हाय? स्प्रिंग बसवलीय तुमच्या छातीत, ठाऊक हाय ना?"

"तुझ्यासाठीच केलं गं. डाग गेले की लोकांची तोंडं—"

"माझ्यासाठी? उद्या तुमाला काय झालं असतं तर लोक काय बोलले असते? आधी मारत होती, आता गोळ्या बंद करून मारून टाकलीन. माझ्यासाठी म्हणे!" आणि ती मटकन खाली बसून रडायला लागली. "मला सासू पायजे हाय. डाग नसलेली नको, असलेली पायजे."

मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. पण आमच्यात हात लावायची सवयच मोडली होती, आणि मी डब्याकडे बघत बसून राहिले.

त्याच दिवशी पालघर गाठलं. डॉक्टरीणबाईंनी असं झापलं की बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं असेल. छाती तपासली, गोळी परत चालू केली. माझं नशीब बलवत्तर म्हणून काही झालं नाही. तुमचं असेलच असं नाही, म्हणून लिहिते: डाग जीव घेत नाहीत. स्वतःच्या मनाने सोडलेली गोळी घेऊ शकते. मी डागांना भ्यायले आणि जी जीव सांभाळते तिलाच डब्यात टाकत राहिले.

थोडं बरंही

सगळंच रडगाणं नको. काही गोष्टींनी बरं वाटलं, त्या सांगते. आंघोळ झाल्या झाल्या, अंग जरा ओलं असतानाच डॉक्टरांनी दिलेलं मलम हलक्या हाताने लावायचं. घासायचं नाही, नुसतं टेकवत जायचं. मशीनच्या दोन्ही कोपऱ्यांना मी अस्तराच्या कापडात कापूस भरून उशा शिवल्या. जुन्या मऊ सुती साडीचे कोपरापर्यंतचे हातमोजे शिवले, आत दुहेरी कापड, शिवण बाहेरच्या बाजूने, म्हणजे टोचत नाही. पुढच्या खेपेला दवाखान्यात तीन जोड नेले. त्या तिघींपैकी एकच होती. तिला दिला. तिने घातला, हात उलटासुलटा करून पाहिला आणि पहिल्यांदा बोलली, "कालच कुकर घासला मला." मग अर्धा तास आम्ही कुकर, कडी आणि रिक्षाचे दांडे यांना यथेच्छ शिव्या दिल्या. इतकं बरं मला कुठल्या मलमाने वाटलं नाही.

पण घरातलं अंतर काही मलमाने भरेना.

माहीम

थंडीत सुप्रियाच्या भावाचं लग्न निघालं. माहीमला वाडीतच मांडव. सुप्रिया म्हणाली, "आई, तुमी नाय आलात तरी चालेल. दगदग होईल." मला कळलं, दगदग कुणाची. तिथे तिचं सगळं माहेर जमणार, आणि प्रत्येकाच्या कानावर ती बातमी गेलेली.

मी म्हटलं, "मी येणार. आणि लांब बाह्या घालणार नाय."

हळदीच्या दिवशी दुपारी पोचलो. रस्त्यापासून घरापर्यंत सुपारीच्या बागेतून वाट आहे आणि मध्ये पाण्याचा पाट. पाटावर टाकलेली फळी, शेवाळाने हिरवी झालेली. पलीकडे मांडव, आणि मांडवाच्या तोंडाशी विहीणबाई, त्यांच्या जावा, नणंदा, शेजारणी, सगळ्या आमच्याकडेच बघत उभ्या. सुप्रिया झरझर पलीकडे गेली. वळून संतोषला म्हणाली, "आईंना धरून आणा." संतोष मागे सामान उतरवत होता.

मी फळीवर एक पाय ठेवला आणि थांबले. ठरवून काही केलं नाही. खरंच पाय लटपटला.

"सुप्रिया," मी हाक मारली. मांडवातही ऐकू जावी एवढी मोठी. "हात धर गं. मी पडतेय."

ती फळीच्या तोंडाशी आली आणि तिथेच थबकली. मागे तिची आई उभी होती. सुप्रिया हळू आवाजात म्हणाली, "आई, डाग पडेल."

"पडू दे!" मी ओरडलेच. "डाग पडू दे, मी नको पडायला. धर!"

तिने धरलं. दोन्ही हातांनी, दंडाला, अशी घट्ट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फळी संपली, पायाखाली जमीन आली, मांडव आला, तरी तिने सोडलं नाही आणि मीही सोडवून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात चहाला बसलो. माझ्या बाह्या अर्ध्या. डाव्या दंडावर चार बोटं उठली होती, जांभळीगर्द, अंगठा वेगळा मोजता येईल अशी. ज्या बायकांना बघायचं होतं त्यांनी बघून घेतलं. कुणी काही विचारलं नाही. विहीणबाई कप घेऊन आल्या, त्यांचीही नजर तिथेच अडकली आणि कप हातात तसाच राहिला.

"सुप्रियाने धरलं काल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

विहीणबाई माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "लयच घट्ट धरलं पोरीने."

"सैल धरलं असतं तर पाटात असते, ताई," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातला कप घेतला.